पाठीवरचं नाव

मेघनाच्या हाताखालून आजवर हजारो जाकिटं गेली होती आणि अंगात मात्र एकही गेलं नव्हतं. बारामतीच्या एमआयडीसीतल्या कपड्यांच्या कारखान्यात ती अकरा वर्षं चेकर होती. परदेशी जाणारा माल तिच्या टेबलावर यायचा. ती शिवणीवरून बोटं फिरवायची, चेन तीनदा वर-खाली करायची आणि पीस पुढे सरकवायची, नाहीतर लाल चिकटपट्टी लावून मागे फेकायची. मागे फेकताना ती कुणाची भीड ठेवत नसे. लाइनवरच्या बायका तिला पाठीमागे 'सासूबाई' म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

म्हणून बारामतीच्या गिर्यारोहण मंडळाने हिमाचलच्या मोहिमेसाठी जाकीट निवडायचं काम तिच्यावर सोपवलं, यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच की कुणालातरी सुचलं. मंडळाचे अध्यक्ष नीळकंठ सर, कॉलेजातून निवृत्त झालेले भूगोलाचे प्राध्यापक, यांनी स्वतः फोन केला.

"मेघनाताई, वारा आत येणार नाही आणि आतून उबदार, असं काहीतरी बघून द्या. आम्हाला फक्त रंग कळतो हो!"

मोहिमेला आठ जण जाणार होते आणि त्यातला आठवा तिचा धाकटा भाऊ होता. धम्मदीप इंदापूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. लहानपणी आसपासच्या विहिरींत पडलेल्या बादल्या, कोकरं, एकदा तर चक्क सायकल, असं काय काय तो दोराने उतरून वर काढायचा. पुढे मंडळाच्या लोकांनी त्याला हेरलं आणि सह्याद्रीतल्या सुळक्यांवर न्यायला सुरुवात केली. म्हणजे बोलायची पद्धत अशी की मंडळ त्याला न्यायचं. खरा प्रकार असा की धम्मदीप आधी चढायचा, वर दोर बांधायचा आणि मंडळ त्या दोराला धरून वर यायचं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत सगळ्यांची नावं असायची आणि धम्मदीपचं नाव 'आदी'च्या अगदी अलीकडे.

त्याला त्याचं काही नव्हतं. त्याला बर्फ बघायचा होता. शाळेच्या पुस्तकातलं हिमालयाचं चित्र त्याने फाडून भिंतीला लावलं होतं, त्यावरून गुरुजींचा मारही खाल्ला होता, आणि ते चित्र अजून तिथेच होतं. आठ जणांच्या यादीत आपलं नाव आहे हे कळलं त्या दिवशी तो डेपोतून थेट घरी आला नाही, आधी सगळ्या गल्लीला सांगून आला. आईने, ताईबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि मेघनाला बाजूला घेऊन सांगितलं, "मला डोंगराचं काय कळत न्हाय. पण कपड्याचं तुला कळतं. पोरगं जसं जाईल तसं माघारी आलं पायजे. ते तुझ्याकडं."

तेव्हा जाकीट निवडणं ही मेघनाच्या दृष्टीने काही खरेदी नव्हती.

डिसेंबरच्या एका रविवारी केयूरने आपली गाडी काढली. केयूर बारामतीतल्या एका डॉक्टरांचा मुलगा, घरून कॉम्प्युटरचं काम करणारा, मोहिमेतला सगळ्यात हौशी गडी. मेघना, धम्मदीप आणि तो असे तिघे पुण्याला गेले. दुकानदाराने जाकिटांचा ढीग घातला. केयूरने पहिल्या फटक्यात एक केशरी, जाडजूड उचललं. हात घातला की आत मऊ लोकर, मांजराच्या पोटासारखी.

मेघनाने ते कापड ओठांना लावलं, पलीकडून तळहात धरला आणि फुंकर मारली. दुकानदार बघतच राहिला.

"ह्यातनं वारा जातोय," ती म्हणाली. "घरात बसायला चांगलं हाय."

"ताई, केवढं जाड आहे पण!" केयूर म्हणाला.

"जाडीनं ऊब राहती, पण वारा ती ऊब घिऊन जातो. आधी वारा अडला पायजे."

मग तिने एकेक पीस कारखान्यातल्यासारखा तपासून काढला. एकाची चेन मागून उघडी होती, आतून पट्टी नव्हती. एकाची खांद्यावरची शिवण बरोबर सॅकचा पट्टा बसतो तिथे येत होती. एक धम्मदीपच्या अंगात घालून तिने त्याला दोन्ही हात वर करायला लावले, कडा धरल्यासारखे, तर कंबर उघडी पडली. सहावं जाकीट राखाडी होतं, दिसायला अगदीच साधं. बाहेरचं कापड पातळ आणि कडक, आत फक्त कडेला शिवलेलं लोकरीचं अस्तर, खाली दोरी, मनगटाला पट्ट्या. तिने फुंकर मारली. तळहाताला काही लागलं नाही. पुन्हा मारली, गाल फुगवून. काही नाही. तिने ते उलटं केलं, अस्तराची खालची शिवण दोन बोटांनी ताणून फटीतून बाहेरच्या कापडाच्या शिवणी पाहिल्या. प्रत्येकीवर आतून पट्टी चिकटवलेली होती.

"मॅडम, तुम्ही कुठे कुठे ट्रेक केलेत?" दुकानदाराने अदबीने विचारलं.

"मी कुठंच न्हाय गेले," मेघना म्हणाली. "मी माल तपासते."

नमुन्याचं म्हणून ते एकच जाकीट त्यांनी आणलं आणि मेघनाने त्याची आणखी परीक्षा घेतली. जानेवारीत सलग तीन पहाटे ती इंदापूरच्या घरातून कारखान्याला एसटीने न जाता धम्मदीपच्या मोटरसायकलवर बसून गेली. इंदापूर सोडलं की निमगाव केतकीपासून जंक्शन गावापर्यंत रस्ता मोकळा, दोन्ही अंगांना पाणी दिलेला ऊस, आणि त्या उसातून येणारा गारठा असा की दात वाजतात. धम्मदीप जाकीट घालून पुढे, ती दोन शाली गुंडाळून मागे. काटेवाडी आली की ती गाडी थांबवायची, त्याच्या जाकिटात मागून हात घालायची आणि पाठ चाचपायची. पाठ तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी गरम.

"ताई, लोकं बगत्यात," धम्मदीप म्हणायचा.

"बगू दे. पाठ गार पडली की माणूस संपला."

तिसऱ्या दिवशी तिने नीळकंठ सरांना कळवलं की हेच घ्या. आठ नग मागवले गेले.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण बारामतीत कुठलीही गोष्ट सरळ झाली की कुणाला तरी आपलं नाव तिच्यावर नसल्याचं आठवतं.

जाकिटांचा आणि मोहिमेचा बराचसा खर्च उचलणार होते रणजितदादा. ठिबकच्या पाइपांचं मोठं दुकान, रस्त्याच्या प्रत्येक वळणावर फ्लेक्स. फेब्रुवारीत नीळकंठ सरांच्या घरी बैठक झाली. चहा झाला, पोहे झाले, आणि रणजितदादांनी राखाडी जाकीट उलटंपालटं करून विचारलं, "ह्यावर आपलं नाव कुठं?"

पाठीवर, असं त्यांनीच सांगितलं. मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव, खाली दोन मोबाईल नंबर, त्याखाली हार्दिक शुभेच्छा. रंगाने छापलेलं नको, ते धुण्यात जातं. भरतकाम पाहिजे. शिखरावर पोचल्यावर आठही जणांनी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे फ्लेक्सला फोटो होतो. हिमालयाच्या टोकावर ठिबकचे पाइप कोण मागवणार होतं देव जाणे, पण नंबर दोन पाहिजेत.

मेघना कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. तिला खास बोलावलं होतं. ती म्हणाली, "दादा, पाठीवर सुई घालू नका. एवढ्या अक्षरांना वीस हजार टाके पडतील. वीस हजार भोकं. वारा अडवायला हे जाकीट घेतलंय, त्याची पाठच चाळण हुईल. टोपीवर घाला नाव, सॅकवर घाला."

"टोपी फोटोत दिसती का?" रणजितदादा म्हणाले. "आणि सुईच्या भोकातनं वारा म्हणं! मग तुमच्या शिवणीला काय भोकं नस्त्यात?"

"असत्यात की. म्हणून तर आतनं पट्टी लावत्यात. पाइपाला जोड दिल्यावर तुमी न्हाय का सोल्युशन लावत?"

सगळे हसले. नीळकंठ सरसुद्धा हसले, केयूर तर टाळी वाजवून हसला. तिथेच चुकलं. मेघनाला त्या क्षणी बरं वाटलं होतं, अगदी लाइनवर लाल पट्टी मारताना वाटतं तसं. रणजितदादा हसले नाहीत. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

बैठक संपल्यावर ते अंगणात तिच्याजवळ आले. आवाज अगदी गोड.

"ताई, तुमी हुशार हाय, मी मानतो. पण एक सांगतो. कमिटी सातच जणांची म्हणत हुती. आठवी जागा मी घातली. दोर बांधाया माणूस लागतो, आणि सगळ्या समाजाची पोरं संघात असली की पेपरात पण चांगलं दिसतं. आता आमचं नावच नको असलं, तर आमची जागा तरी कशाला पायजे? सात जण जात्याल. काय बिगडतंय?"

मेघनाला असा राग आला की कानशिलं तापली. सगळ्या समाजाची पोरं! म्हणजे वर्षानुवर्षं सुळक्यावर आधी कोण चढलं, हे यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. तिला म्हणायचं होतं की ठेवा तुमची जागा तुमच्याकडे. तोंडाशी आलंही होतं. पण डोळ्यांसमोर भिंतीवरचं ते फाटकं चित्र आलं, आणि गल्लीभर सांगून आलेला धम्मदीप आला. ती एसटी स्टँडकडे चालू लागली.

दोन दिवसांनी नीळकंठ सरांचा फोन आला. सर चांगले गृहस्थ, पण चांगल्या माणसाला कागद लागतो. "ताई, भरतकामाबद्दल तुमचं तांत्रिक मत जरा लेखी द्याल का? म्हणजे पुढे प्रश्न नको."

तिने चेकिंगच्या टेबलावरच एका चिठ्ठीवर लिहिलं, 'भरतकामास हरकत नाही', आणि खाली सही केली. अकरा वर्षांत तिने पहिल्यांदाच वाया गेलेला माल जाणूनबुजून पुढे सरकवला.

धम्मदीपला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नसे. त्याला कळलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी बारामतीला जाऊन सगळ्यांसमोर बोलला असता, आणि मग सात जण गेले असते.

एप्रिलमध्ये जाकिटं भरतकामाहून परत आली. पाठीवर लाल-पिवळी अक्षरं, वीतभर उंच. ज्याचं त्याचं माप बघायला म्हणून सगळ्यांना ती एका दिवसासाठी घरी दिली. धम्मदीप डेपोत गेल्यावर मेघनाने त्याच्या जाकिटाची पाठ ओठांना लावून फुंकलं. वारा पलीकडे तळहाताला लागला. तिने रजा टाकली होती. कारखान्याच्या कचऱ्याच्या पेटीतून आणलेली चिकट फिल्म, शिवणींवर लावतात तसलीच पण रुंद, तिच्याकडे होती. तिने अस्तराची खालची शिवण उसवली, हात आत घातला, अक्षरांच्या मागे फिल्म पसरली आणि ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबली. आधी मधोमध, मग कडेने, सुरकुती न पडू देता. परत फुंकलं. तळहात कोरडा. तिने अस्तर हाताने शिवून टाकलं, आणि शिवणीच्या टोकाला निळ्या दोऱ्याचा एक बारीक टाका घातला, ओळखू यावं म्हणून. जाकीट दाबलं की पाठीत किंचित कुरकुरत होतं, एवढाच काय तो फरक.

बाकीच्या सात जाकिटांचा विचार त्या दिवशी तिच्या मनात आलाच नाही. आला होता आणि तिने ढकलला, असंही नाही. आलाच नाही.

मे महिन्यात निरोप समारंभ झाला. बारामतीत बेचाळीस डिग्री ऊन, मंगल कार्यालयाचे पंखे गरम हवा ढवळतायत, आणि स्टेजवर आठ जण गळ्यापर्यंत चेन लावून हिवाळी जाकिटात उभे. शाल-श्रीफळाच्या जागी रणजितदादांनी एकेकाला आपल्या हाताने जाकीट घातलं. मग आठही जणांना प्रेक्षकांकडे पाठ करून उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाला भोवळ आली, त्याला पाणी मारलं.

गाडीत बसताना मेघनाने धम्मदीपला एवढंच सांगितलं, "जाकीट आपलं आपणच घाल. कुणासंगं बदलू नगं."

"जाकीट हाय का दाताचा ब्रश?" तो हसला.

"सांगते ते ऐक."

"व्हय गं बाई."

मनालीच्या वरच्या तळावरून त्याचा फोन आला तेव्हा आवाजात नुसता आनंद सांडत होता. "ताई, बर्फ पायाखाली करकरतोय! आणि एक गंमत सांगू? हितं सगळी कुडकुडत्यात. केयूर तर रडकुंडीला आलाय. मला कायच वाटत न्हाय बग. तळावरचा डॉक्टर म्हनला, तुझं शरीरच पहाडी हाय. आईला सांग, तुझं पोरगं पहाडी निघालं!"

मेघनाला इतका आनंद झाला की सांगायचं ओठांवर आलं होतं. अरे वेड्या, पहाडी तू नाहीस, माझी इस्त्री आहे. पण तो इतका खुशीत होता. पुढच्या चार दिवसांत चढाई होती. म्हटलं, आल्यावर सांगू, हसू सगळे.

सहाव्या दिवशी नीळकंठ सरांचा फोन आला. "शिखर सर झालं, ताई! आठही जण वर पोचले!" मग जरा थांबून म्हणाले, "धम्मदीपच्या बोटांना जरा थंडी लागली आहे."

ते 'जरा' पुण्याच्या हॉस्पिटलात कापसात गुंडाळून आलं. बोटं काळी पडली होती. डॉक्टरांनी दीड महिना वाट बघितली, आणि मग उजव्या हाताची चार आणि डाव्या हाताची तीन बोटं पेरापासून काढली. दोन अंगठे आणि डावी करंगळी तेवढी राहिली. ताईबाई मेघनाकडे बघेनाशा झाल्या.

काय झालं ते धम्मदीपने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. शिखरावर सगळ्यांनी राखाडी जाकिटावरून घातलेली, मनालीत भाड्याने घेतलेली पिसांची जाड जाकिटं काढून सॅकमध्ये ठेवली, नाव दिसावं म्हणून. पाठ करून उभे राहिले. पहिल्या फोटोत एका जाकिटाला घडी पडली होती, म्हणून परत उभे राहिले. तेवढ्यात वारा उठला. उतरताना खालच्या अरुंद धारेवर दोर धरून थांबायचं काम धम्मदीपचं. सात जणांना एकेक करून खाली सोडताना त्याला सॅकमधून पिसांचं जाकीट काढून घालायला हात मोकळा झालाच नाही. तासभर तो वाऱ्याकडे पाठ करून उभा होता. शेवटी बोटं कुठे आहेत तेच कळेना.

मेघनाने डॉक्टरांना गाठून विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हातमोजे चांगले होते त्याचे. पण पाठ-छाती गार पडली की शरीर आधी आतलं वाचवतं. बोटांचं रक्त ओढून घेतं."

पाठ गार पडली. म्हणजे फिल्म सुटली. इस्त्री कमी तापली असेल, कडेला सुरकुती राहिली असेल. अडीच महिने मेघना टेबलावर जाकिटं तपासत होती आणि मनात तीच एक इस्त्री पुन्हा पुन्हा फिरवत होती. आपल्या हाताचं काम कच्चं निघालं. धम्मदीप वेगळंच म्हणायचा. "मला वाटलं हुतं मी लई टणक हाय. कच्चा निघालो, ताई. बाकी कुणाला काय झालं न्हाय, जाकिटं तर सगळ्यांची सारखीच हुती." डेपोने त्याला आता चौकशीच्या खिडकीवर बसवायचं ठरवलं होतं. पाना धरता येत नव्हता.

सप्टेंबरात पुन्हा सत्कार. बारामतीला सत्काराचा कंटाळा येत नाही. जाकिटं मंडळाने धुऊन, इस्त्री करून स्टेजवर मांडली होती. ज्याच्या पिशवीतून जे आलं ते त्याच्या नावाने. ताईबाई आल्या नाहीत. त्यांचं विहारात वर्षावासाचं वाचन असतं म्हणाल्या. मेघना तिसऱ्या रांगेत बसली. रणजितदादांनी धम्मदीपला जाकीट घातलं, स्वतः वाकून त्याची चेन गळ्यापर्यंत लावली, फोटोग्राफर 'अजून एकदा' म्हणाला तेव्हा खाली घेऊन परत लावली. ट्रॉफी त्याने दोन मनगटांच्या मध्ये धरली.

मग केयूर बोलायला उभा राहिला. पोरगा मनाचा चांगला होता, डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"तुम्हाला धम्मदीपदादा काय माणूस आहे ते माहीत नाही," तो म्हणाला. "शेवटच्या कॅम्पवर माझी पाठ अशी गारठली होती, जणू कुणी बर्फाची लादी बांधलीय. मी म्हटलं, मी वर येत नाही. दादाने आपलं जाकीट काढलं आणि मला दिलं. म्हणाला, जाकिटं सगळी सारखीच हायत, पण माझं अंगात तापलेलं हाय, हे घाल, तुझं मला दे. मला थंडी वाजतच न्हाय. आणि खरं सांगतो, ते घातलं आणि माझी थंडी पळाली! जाकिटात नव्हती हो ती ऊब. त्या माणसात होती!"

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. केयूर अंगातल्या जाकिटाचा खालचा काठ मुठीत धरून उभा होता, आणि तिसऱ्या रांगेतून मेघनाला त्या काठावरचा निळा टाका दिसला की नाही कुणास ठाऊक. तिला तो दिसायची गरज नव्हती. ती एकटीच बसून राहिली होती. शेजारच्या बाईने तिला कोपर मारून उठवलं.

केयूरनेच त्यांना गाडीने इंदापूरला सोडलं. दुपारचे चार वाजले होते. घरी कुणी नव्हतं. धम्मदीप खाटेवर टेकला, जाकीट अजून अंगात, कपाळावर घाम. मेघनाने त्याच्या पाठीवर हात दाबला. अक्षरं नुसती मऊ होती. काही कुरकुरलं नाही.

तेव्हा तिने सांगितलं. अंगणातलं बोलणं, चिठ्ठी, सही, फिल्म, निळा टाका. सगळं सांगितलं, कारण तो स्वतःला कच्चा म्हणत होता आणि ते तिला आता सोसत नव्हतं. "तू कच्चा न्हवतास," ती म्हणाली. "तुझं जाकीट मी राखलं हुतं, दीपा. तू ते दिलंस."

तिला वाटलं होतं तो विचारेल, मला का नाही सांगितलंस. त्याचं उत्तर तिने गाडीतच जुळवून ठेवलं होतं.

धम्मदीपने भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. मग म्हणाला, "बाकीची सात?"

"काय?"

"बाकीची सात जाकिटं. ती तशीच दिलीस?"

मेघनाने मान हलवली, होय.

"म्हणजी केयूर उगा रडत न्हवता," तो म्हणाला. "मी त्याला हसत हुतो. सगळ्यांना हसत हुतो. आमी सात जण मेलो असतो, ताई, तर तू काय म्हनली असतीस? आपला तर आला?"

आमी सात जण, असं म्हणाला तो. स्वतःला त्यांच्यात धरून.

घामाचा ओघळ त्याच्या कानामागून गळ्यात, लावलेल्या चेनच्या आत उतरला. त्याने अंगठा आणि बोटाच्या थोटकाने चेनची कडी धरायचा प्रयत्न केला. निसटली. परत धरली, परत निसटली. मेघना उठली आणि तिने चेनला हात घातला. तिचा हात त्याने मनगटाने हळूच बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आई येईल."

विहारातलं वाचन सहाला सुटायचं. तो तसाच, गळ्यापर्यंत बंद जाकिटात, दाराकडे तोंड करून बसला. मेघना मागे उभी होती आणि तिच्यासमोर ती वीतभर उंच अक्षरं होती.